रुंद स्की, अरुंद स्की : हिमावर तरंगण्याचे गणित



हिवाळी सहलीहून परतल्यावर नववीच्या वर्गात एक प्रश्न निघाला. गुलमर्गला मुलांनी तासभर स्की पायात घालून पाहिल्या होत्या. भाड्याने मिळालेल्या त्या पट्ट्या जेमतेम चार बोटे रुंद होत्या. गोंडोल्यातून वर अफरवाटकडे जाणाऱ्या काही पाहुण्यांच्या खांद्यावर मात्र जवळजवळ दुप्पट रुंदीच्या, दोन्ही टोकांना वर वळलेल्या स्की दिसल्या. "सर, त्यांच्या एवढ्या रुंद का आणि आमच्या एवढ्या अरुंद का? आम्ही तर नवशिके. रुंद पट्टीवर उभे राहणे आम्हालाच सोपे गेले नसते का?"

आम्ही फळ्यावर दाबाचे सूत्र लिहिले, दोन गणिते सोडवून दाखवली आणि प्रश्न सुटला असे समजलो. तास संपता संपता मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण सर, तो रुंद स्कीवाला मऊ हिमात थांबला ना, तेव्हा तोही नडगीपर्यंत रुतला. मी पाहिलंय. मग रुंदीचा उपयोग काय?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. "पुढच्या तासाला सांगतो" असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. नंतर थोडे वाचन केले, थोडे प्रयोग करून पाहिले आणि लक्षात आले, की वर्गात आम्ही अर्धेच उत्तर दिले होते. उरलेले अर्धे या लेखात देत आहोत.

आधी हिमाची ओळख

माळव्यातल्या आपल्याला बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा. तो पाणी गोठून झालेला घट्ट बर्फ असतो. आकाशातून पडणारे हिम निराळे. त्यात बहुतेक जागा हवेनेच व्यापलेली असते. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम असते. यंत्राने दाबून पक्क्या केलेल्या उतारावरचे हिम घनमीटरला साधारण ४०० ते ५०० किलोग्रॅम भरते. पण थंड, कोरड्या हवेत नुकतेच पडलेले हिम ५० ते १०० किलोग्रॅमच भरते. पिंजलेल्या कापसासारख्या या भुसभुशीत हिमाला स्की करणारे लोक 'पावडर' म्हणतात. अमेरिकेतील युटा राज्यातले डोंगर त्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि गुलमर्गच्या वरचे अफरवाटचे उतारही.

पक्के हिम आणि पावडर ही नावाला एकाच पदार्थाची दोन रूपे आहेत, पण स्कीच्या दृष्टीने पाहिले तर ते जणू दोन वेगळे पदार्थच. हे ध्यानात ठेवले, तर पुढचे सारे सोपे जाते.

आमचे अर्धे उत्तर : दाब

पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतात पाय टाकला की तो रुततो. तिथेच फळी टाकून तिच्यावर उभे राहिले तर रुतत नाही. वजन तेच राहते, फक्त ते जास्त जागेवर वाटले जाते. दाब = बल ÷ क्षेत्रफळ.

सामानासह ८० किलोग्रॅमचा माणूस घेऊ. त्याचे वजन ८० × ९.८ = ७८४ न्यूटन.

बुटांवर उभा असताना : दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे ०.०६ चौरस मीटर. दाब सुमारे १३,००० पास्कल.

अरुंद स्कीवर (लांबी १.८ मीटर, सरासरी रुंदी ८ सें.मी.) : दोन्हींचे क्षेत्रफळ ०.२८८ चौरस मीटर. दाब सुमारे २,७०० पास्कल.

रुंद स्कीवर (लांबी तीच, सरासरी रुंदी १३ सें.मी.) : क्षेत्रफळ ०.४६८ चौरस मीटर. दाब सुमारे १,७०० पास्कल.

आता नीट पाहा. बुटांवरून अरुंद स्कीवर आलो तेव्हा दाब पाचपट कमी झाला. अरुंदवरून रुंदवर आलो तेव्हा तो दीडपटीहून थोडा अधिक कमी झाला, बस. भुसभुशीत हिमात १,७०० पास्कलनेही पट्टी रुततेच. म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलीचे निरीक्षण बरोबर होते.

उरलेले अर्धे : वेग

तळ्यात चपटा दगड सोडला तर तो बुडतो. तोच तिरका आणि जोरात फेकला तर पाण्यावर चार-पाच उड्या मारून मग बुडतो. दगडाची घनता बदललेली नसते. तो वेगाने आणि किंचित तिरका जातो, म्हणून पाणी खाली ढकलले जाते आणि पाणी त्याला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

पावडरमध्ये स्की याच रीतीने तरंगते. पुढचे टोक थोडे वर, पट्टी थोडी तिरकी आणि पुरेसा वेग, असे जमले की ती हिमाच्या थरात वर येते. थांबली की पुन्हा खाली बसते.

या वरच्या धक्क्याचा ढोबळ हिशोब असा : तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरच्या उदाहरणात क्षेत्रफळ १.६ पट झाले. म्हणजे तेवढाच धक्का मिळवायला वेग १.६च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.२७ ने भागला तरी चालेल. अरुंद स्कीला वर यायला ताशी ३० किलोमीटर लागत असतील, तर रुंदीला सुमारे २४ पुरतील.

रुंदीचा खरा उपयोग हा आहे. रुंद स्की थांबलेल्या माणसाला बुडण्यापासून वाचवत नाही, पण कमी वेगात तरंगू देते. ज्याला फार वेगाने जायचे धाडस नाही किंवा ज्याच्या पायांत पूर्वीचा जोर नाही, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

इतिहासही हेच सांगतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील अ‍ॅटॉमिक कंपनीचे अभियंते रुपर्ट हूबर यांनी एक स्नोबोर्ड लांबीत मधोमध कापला आणि दोन तुकड्यांची एक जोडी केली. त्यातून रुंद स्की बाजारात आली. लोक तिला 'फॅट बॉय' म्हणू लागले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांवर हेलिकॉप्टरने जाणाऱ्या पाहुण्यांनी ती उचलून धरली. तोवर पावडर म्हणजे तरबेज लोकांचा खेळ होता. रुंद स्कीमुळे मध्यम तयारीची आणि वयस्क माणसेही दिवसभर टिकू लागली.

आकार : तीन आकड्यांची भाषा

स्कीवर बहुधा तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १२०-७५-११०. ही टोक, कंबर आणि शेपूट यांची मिलिमीटरमधील रुंदी. 'कंबर' म्हणजे बुटाखालचा भाग. साधारणपणे पक्क्या उताराच्या स्कीची कंबर ६५ ते ७५, सर्वसाधारण वापराच्या स्कीची ८५ ते १०५ आणि पावडरच्या स्कीची ११० मि.मी.च्या पुढे असते.

कंबर अरुंद ठेवली की बाजूची कड आत वळते. तिला साइडकट म्हणतात. पट्टी एका कडेवर तिरकी करून दाबली की ही कड हिमात कमानीसारखी टेकते आणि स्की आपोआप वळण घेते. वळणाची त्रिज्या आपल्याला काढता येते.

साइडकटची खोली = (टोक + शेपूट − २ × कंबर) ÷ ४
त्रिज्या = लांबीचा वर्ग ÷ (८ × खोली)

लांबी म्हणजे पुढच्या व मागच्या सर्वांत रुंद जागांमधले अंतर. दुसरे सूत्र नवे नाही. जीवा आणि कंसाची उंची यांवरून वर्तुळाची त्रिज्या काढण्याचाच हा प्रकार आहे.

१२०-७५-११० साठी खोली = (२३० − १५०) ÷ ४ = २० मि.मी. अंतर १.६ मीटर धरले तर त्रिज्या = २.५६ ÷ ०.१६ = १६ मीटर. झटपट वळणारी स्की.

आता १४०-११८-१३० ही पावडरची स्की. खोली = (२७० − २३६) ÷ ४ = ८.५ मि.मी. अंतर १.४ मीटर धरले तर त्रिज्या सुमारे २९ मीटर. वळण बरेच मोठे.

मग पावडरमध्ये तिने वळायचे कसे? तिथे कडेला टेकायला कठीण पृष्ठभागच नसतो. संपूर्ण तळ हिमावर दाबला जातो, पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि त्या वाकण्याने वळते. शिवाय मऊ हिमात तिला आडवे घसरवताही येते. त्यामुळे साइडकटचे महत्त्व तिथे कमी होते. उलट टोक फार रुंद असेल तर ते हिमात अडकून भलतीकडे ओढते. म्हणून पुष्कळ पावडर स्कींमध्ये सर्वांत रुंद जागा टोकापासून मागे घेतलेली असते आणि टोक निमुळते केलेले असते.

कमान : सुलटी आणि उलटी

जुनी स्की जमिनीवर ठेवली की मधला भाग उचललेला दिसतो. ही सुलटी कमान. माणूस उभा राहिला की ती सपाट होते आणि वजन टोकांपर्यंत पोचते. कठीण हिमावर पूर्ण कड टेकते, पकड उत्तम मिळते.

पावडरमध्ये मात्र टोकांवर दाब आला की टोक खाली घुसते. म्हणून तिथे उलटी कमान, म्हणजे रॉकर : मधला भाग टेकलेला, दोन्ही टोके पाळण्याच्या बुडासारखी वर गेलेली. टोक मुळातच वर असल्याने स्वाराला मागे रेलून ते उचलत बसावे लागत नाही. मांड्यांचे श्रम वाचतात. पण कठीण हिमावर हीच स्की आखूड भासते, कारण टेकणारी कड थोडीच उरते. आज पुष्कळ स्कींमध्ये तडजोड असते : बुटाखाली सुलटी कमान, टोकांना रॉकर.

एका उलट्या विचाराची गोष्ट

शेन मॅककॉन्की हा अमेरिकेत राहणारा नामांकित स्कीपटू. त्याचे म्हणणे असे होते, की पावडर ही पाण्यासारखी वागते. मग पाण्यावरच्या स्की आणि लाटांवरचे सर्फबोर्ड पाहा. त्यांची कंबर कुठे अरुंद असते? आपण मात्र कठीण हिमाचे हत्यार घेऊन मऊ हिमात उतरतो. १९९६ साली अर्जेंटिनात असताना त्याने कागदी रुमालावर आपल्या कल्पनेतल्या स्कीचे चित्र काढले. पुढे अलास्कात तो चक्क पाण्यावरच्या स्की पायाला बांधून उतरला आणि कल्पना चालते हे त्याने दाखवून दिले. २००२ साली वोलांट कंपनीने त्याची 'स्पॅच्युला' बाजारात आणली. कंबर १२५ मि.मी., आणि टोक व शेपूट दोन्ही कमरेपेक्षा अरुंद! कमानही उलटी.

आपल्या सूत्रात असे आकडे घातले तर खोली ऋण येते. ऋण खोलीचा अर्थ काय? कड आत न वळता बाहेर फुगलेली आहे. कठीण हिमावर ती वळण कोरू शकत नाही, होडीसारखी मधल्या भागावर डुलते. पावडरमध्ये मात्र ती कुठेच अडकत नाही आणि हवी तशी आडवी घसरते. सुरुवातीला अनेकांना ही स्की थट्टेचा विषय वाटली होती.

२००६च्या सुमारास के-टू कंपनीने मॅककॉन्कीच्या सहभागाने 'पाँटून' काढली : १६०-१३०-१२०. खोली काढा बरे. (२८० − २६०) ÷ ४ = फक्त ५ मि.मी. पुढचे टोक प्रचंड रुंद, शेपूट अरुंद. त्यामुळे शेपूट थोडे खाली बसते, टोक वर येते आणि दगडाच्या उदाहरणातला तिरपेपणा आपसूक मिळतो. उलटी कमान आणि निमुळती टोके हळूहळू सर्वच कंपन्यांनी स्वीकारली. मॅककॉन्कीचा मार्च २००९मध्ये इटलीच्या डोलोमाइट पर्वतात कड्यावरून स्की व पॅराशूटसह उडी घेताना अपघाती मृत्यू झाला. त्याचा उलटा विचार आज दुकानातल्या बहुतेक पावडर स्कींमध्ये कमी-अधिक दिसतो.

बांधणी : आत काय असते?

स्की वरून प्लॅस्टिकची दिसते, पण तिच्या पोटात बहुधा लाकूड असते. पॉप्लर, अ‍ॅश, पावलोनिया अशा लाकडांच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून गाभा करतात. त्याच्या वर-खाली काचतंतूंचे थर, खाली पॉलिएथिलीनचा गुळगुळीत तळ आणि दोन्ही बाजूंना पोलादी कड. थरांची ही रचना सँडविचसारखी असते. हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याने १९५०च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियम आणि प्लायवूडचे असे सँडविच यशस्वी करून दाखवले, आणि नुसत्या लाकडी स्कीचे दिवस सरू लागले.

येथे एक सूत्र उपयोगी पडते. पट्टीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणून रुंद स्की थोडी पातळ करून हवी तेवढी लवचीक ठेवता येते. तरीही वजन वाढतेच, आणि इथे कारागिरांचे दोन मार्ग होतात.

पहिला मार्ग धातूचा. गाभ्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा चढवतात. स्की जड होते, पण थरथर कमी होते. दुपारपर्यंत इतरांनी तुडवून ढेकळे केलेल्या हिमातूनही ती सरळ जाते.

दुसरा मार्ग कार्बनतंतूंचा. स्की हलकी आणि ताठ होते. पायी डोंगर चढून मग उतरणाऱ्याला प्रत्येक पावलाला त्याचा फायदा मिळतो. युटातील डीपीएस कंपनीने १३८ मि.मी. कंबरेची 'लोटस १३८' या मार्गाने केली. पण हलकी स्की ढेकळांवर आपटून उडते आणि हादरे पायापर्यंत पोचतात.

धातू घ्या, नाही तर कार्बन घ्या. एकीकडे मिळते, दुसरीकडे द्यावे लागते.

नवशिक्यांना अरुंदच का?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. कठीण उतारावर स्की कडेवर उभी करताना पायाच्या मध्यरेषेपासून पोलादी कडेपर्यंतचे अंतर महत्त्वाचे असते. कंबर ७० मि.मी. असेल तर हे अंतर ३५, कंबर ११८ असेल तर ५९ मि.मी. तरफेचा नियम आठवा. हात १.७ पट लांब झाला, म्हणजे घोट्यावर आणि गुडघ्यावर पिळणारे बलही तितकेच वाढले. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळही जास्त लागतो. शिकणारी मुले दाबलेल्या उतारावर शिकतात. तिथे तरंगायचे नसतेच, कडेवर वळायचे आणि थांबायचे असते. म्हणून तुम्हाला चार बोटांची पट्टी दिली, ती योग्यच होती.

थोडक्यात तुलना अशी :

अरुंद (कंबर ६५–७५, सुलटी कमान) : कठीण उतारावर पकड आणि चपळ वळण. पावडरमध्ये तरंगायला जास्त वेग व जास्त ताकद.

मधली (८५–१०५, टोकांना थोडा रॉकर) : कुठेही सर्वोत्तम नाही, कुठे अडतही नाही. एकच जोडी घेणाऱ्यासाठी.

रुंद (११०च्या पुढे, अधिक रॉकर, निमुळती टोके) : कमी वेगात तरंगणे, सहज आडवे घसरणे. कठीण उतारावर मंद, गुडघ्यांना त्रासदायक.

उलट आकाराची (स्पॅच्युलासारखी) : खोल पावडरमध्ये अजोड, इतरत्र जवळजवळ निरुपयोगी.

"यांतली चांगली कोणती?" हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या हिमावर, कोणासाठी, चढून जायचे की गोंडोल्याने, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

एक गोष्ट रुंदीने मिळत नाही

पावडरची मजा साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असते, आणि बहुतेक हिमप्रपातही याच उतारांवर होतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटच्या उतारावर हिमप्रपात होऊन पोलंडहून आलेल्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. रुंद स्कीने उतरणे सोपे होते, उतार सुरक्षित होत नाही. सोपे वाटू लागले की माणूस पूर्वी जिथे गेला नसता तिथे जातो, धोका तिथे आहे. म्हणून जाणकार वाटाड्या, त्या दिवसाचा हिमप्रपाताचा इशारा, आणि गाडल्या गेलेल्याला शोधायचे संदेशक यंत्र, सळई व फावडे यांची जागा कोणतीही स्की घेऊ शकत नाही.

करून पाहा

१. थाळीत तीन-चार सें.मी. जाडीचा मैदा चाळणीने पसरा. कडक पुठ्ठ्याच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या घ्या, एक २ सें.मी. व एक ४ सें.मी. रुंद. दोन्हींवर मधोमध सारखीच नाणी ठेवा. कोणती किती रुतते ते मोजा. मग नाणी एका टोकाकडे सरकवा. दुसऱ्या टोकाचे काय होते?

२. पाण्याच्या टबात फुटपट्टी किंचित तिरकी धरून आधी सावकाश, मग वेगाने पुढे सरकवा. हाताला काय जाणवते?

३. जुन्या पत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापून तिच्या दोन्ही बाजू आत वळवा. ती टेबलावर तिरकी धरून मध्ये दाबा आणि कड पाहा. मग बाहेर फुगलेल्या बाजूंची पट्टी घेऊन तेच करा.

उत्तरे लिहा

१. १३०-१००-१२० या स्कीच्या साइडकटची खोली किती?
२. ती स्की वरच्या चार गटांपैकी कोणत्या गटात बसते? का?
३. पाण्यावरच्या स्कीला पोलादी कड का नसते?
४. क्षेत्रफळ चौपट केले, तर तरंगण्यासाठी लागणारा वेग किती पट होईल?

उत्तरे वहीच्या कागदावर लिहून विज्ञान कक्षातील पेटीत टाकावीत. आमच्या उत्तरात आणखी काही अर्धे राहिले असेल, तर तेही त्याच पेटीत टाकावे. मागच्या बाकावरून आले तरी चालेल.